दर्याचा सण आणि ताटातली मच्छी: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात कोळीवाड्यांमधल्या नारळी पौर्णिमेवर आणि हिवाळ्यात भरणाऱ्या सीफूड फेस्टिवलवर थोडंसं लिहिलं होतं, त्यावर इतके प्रश्न आले की हा महिना आपण पूर्ण त्यालाच देऊया. काही प्रश्न एकसारखे होते ते एकत्र केलेत. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलंय म्हणून फक्त गाव देतेय.

प्रश्न (पुणे): ताई, नारळी पौर्णिमा आणि कोळी सीफूड फेस्टिवल एकच का? आम्ही ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन मुंबईच्या कोळीवाड्यात यायचं म्हणतोय, तेव्हा तिथे स्टॉल असतात ना? मुलांना मासे खूप आवडतात.

उत्तर: एकच नाहीत. हा गोंधळ बऱ्याच जणांचा होतो म्हणून सगळ्यात आधी हाच प्रश्न घेतला.

नारळी पौर्णिमा म्हणजे श्रावणातली पौर्णिमा, आणि तो कोळी लोकांचा स्वतःचा सण आहे, बघायला बाहेरचं कोणी आलं नाही तरी होणारच. पावसाळ्यात दर्या खवळलेला असतो, होड्या वर ओढून शाकारून ठेवलेल्या असतात, माणसं घरी बसून जाळी दुरुस्त करत असतात, इंजिनाची कामं काढतात, होडीला रंग लागतो. मग वारं जरा पडायला लागलं की दर्याला नारळ वाहायचा, त्याला सोनेरी कागद लावतात म्हणून सोन्याचा नारळ म्हणायचं, आणि यंदाही सगळे सुखरूप परत येऊ देत असं मागणं मागायचं. मिरवणूक असते, ब्रास बँड असतो, बायका ठेवणीतलं लुगडं आणि अंगभर दागिने घालून नाचत बंदरावर येतात, होड्यांना पताका लागतात. मालवणला नारळ लढवायच्या स्पर्धा होतात, म्हणजे एकाच्या हातातल्या नारळावर दुसऱ्याने नारळ आपटायचा आणि ज्याचा फुटला तो बाद, मुलांना ते प्रचंड आवडेल. पण त्या दिवशी घरोघरी शिजतो तो नारळीभात आणि ओल्या नारळाच्या करंज्या. तळलेल्या पापलेटची प्लेट शोधत फिरू नका, त्यासाठी हा दिवस नाहीये.

सीफूड फेस्टिवल मात्र अलीकडची गोष्ट. वर्सोव्याचा सगळ्यात जास्त लोकांना माहीत आहे, तो साधारण जानेवारीच्या सुमारास असतो, आणि आता इतर कोळीवाड्यांत आणि कोकणातल्या गावांतही असे महोत्सव भरायला लागलेत. थंडीत समुद्र शांत असतो, मच्छी भरपूर असते, पाऊस नसतो त्यामुळे मांडव टाकता येतो, म्हणून ते दिवस. तिथे तुमच्या मुलांना हवं ते सगळं मिळेल.

मला विचाराल तर दोन्ही बघा पण वेगवेगळ्या मनाने. ऑगस्टमध्ये आपण दुसऱ्याच्या सणाला पाहुणे म्हणून जातो आणि जानेवारीत तेच लोक आपल्याला जेवायला बोलावतात.

प्रश्न (सातारा): मासेमारी बंदी तर ३१ जुलैला संपते, मग नारळ वाहिल्यावरच होड्या समुद्रात जातात असं का म्हणतात?

उत्तर: कारण रीत जुनी आहे आणि सध्याचा नियम नंतरचा आहे. सध्या आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना बंदी असते, बिनइंजिनाच्या पारंपरिक होड्यांना सूट आहे. महाराष्ट्रात पूर्वी ही बंदी १० जून ते १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यातलं जे आधी येईल तोपर्यंत असायची, म्हणजे सरकारच्या कागदातसुद्धा सणाला जागा होती. आता १ ऑगस्ट उजाडला की मोठ्या बोटी सुटतात. आणि अधिक मास आला की पौर्णिमा चांगलीच लांबते, २०२३ मध्ये ती ३० ऑगस्टला होती, म्हणजे नारळ पाण्यात पडेपर्यंत बोटींच्या कितीतरी फेऱ्या होऊन गेलेल्या. 

बरेच जुने नाखवा, म्हणजे बोटीचे मालक, म्हणतात की बंदी परत पौर्णिमेपर्यंत न्या. मला त्यांचं म्हणणं मनापासून पटतं. ऑगस्टच्या सुरुवातीला दर्या अजून भरवशाचा नसतो, खलाशांच्या जिवाला घोर असतो, आणि पावसाळ्यात जन्मलेल्या मच्छीला वाढायला आणखी दोन-तीन आठवडे मिळाले तर फायदा शेवटी त्याच बोटींचा आहे. पण कर्जाचे हप्ते पौर्णिमा बघून थांबत नाहीत, आणि शेजारची बोट गेली की आपण किनाऱ्यावर बसून राहणं कोणालाच परवडत नाही, त्यामुळे हे एकट्या गावाने ठरवून होणारं काम नाही, सगळ्या किनाऱ्याला एकच तारीख लागेल.

प्रश्न (नाशिक): फेस्टिवलला गेलो होतो. पापलेटची प्लेट महाग होती आणि पापलेट तळहाताएवढंसुद्धा नव्हतं. कोळीवाड्यातच असं असेल तर आम्ही कुठे जायचं? नक्की काय मागवावं?

उत्तर: तुमची नाराजी समजते पण दोष स्टॉलवरच्या मावशीचा नाहीये. प्रत्येक माणूस येतो आणि पापलेट, सुरमई, कोलंबी एवढी तीनच नावं घेतो. मग ती बिचारी काय करणार, मार्केटमधून जे मिळेल ते पापलेट आणून ठेवते, कारण नाही ठेवलं तर गिऱ्हाईक पुढच्या स्टॉलवर जातं.

पापलेट २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून जाहीर झाला, आणि तो मुळात का केला तर त्याच्याकडे लक्ष जावं, तो टिकावा म्हणून. पालघरमधलं सातपाटी हे पापलेटचं गाव म्हणून ओळखलं जातं, तिथले मच्छीमार कितीतरी वर्षं सांगताहेत की मोठं पापलेट कमी होत चाललंय. बारीक आसाच्या, म्हणजे लहान भोकांच्या जाळ्यात पिल्लं अडकतात, ती एकदाही अंडी न घालता बाजारात येतात, मग पुढच्या वर्षी मोठं पापलेट यायचं कुठून? त्याच २०२३ मध्ये राज्य सरकारने ५४ जातींच्या मच्छीसाठी किमान लांबी ठरवून दिली, पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. म्हणजे त्याहून छोटं पापलेट पकडूच नये. विकणाऱ्याने ते ठेवू नये हे खरंच, पण ते आपण ताटात घेतो म्हणूनच पकडलं जातं. छोटं दिसलं तर सरळ सांगा की हे नको, मोठं नसेल तर दुसरं काहीतरी द्या. चार गिऱ्हाइकांनी असं म्हटलं की पाचव्या वेळेला ते आणलं जात नाही, बाजार ह्या बाबतीत फार पटकन शिकतो.

आता काय मागवावं. स्टॉलवर जाऊन फक्त एवढंच विचारा, "मावशी, आज बोटीला काय आलंय?" बस. त्या एका प्रश्नाने तुमचं जेवण बदलेल. मांदेली आली असेल तर कुरकुरीत तळलेली मांदेली घ्या, काट्यासकट खाता येते आणि पापलेटच्या मानाने कितीतरी स्वस्त पडते. ओले बोंबील तर घ्याच घ्या. जवळा म्हणजे अगदी बारीक कोलंबी, त्याची वडी किंवा ओल्या जवळ्याचं सुकं मिळालं तर नशीब समजा. करंदीचं म्हणजे लहान कोलंबीचं कालवण, तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, चिंबोरीचा म्हणजे खेकड्याचा रस्सा, माकूल म्हणजे स्क्विड, बांगडा, ह्यातलं काहीही घ्या पण ताजं काय ते बाईला ठरवू द्या, तिचे हात सकाळपासून त्याच मच्छीत आहेत. सोबत तांदळाची भाकरी. भातावर कोळी पद्धतीचं आंबट घ्या, त्यात खोबऱ्याचं वाटण नसतं की घट्टपणा नसतो, चिंच, लसूण, मिरची आणि घरचा मसाला एवढ्यावर ते होतं आणि मच्छीची स्वतःची चव पुढे येते. मालवणकडे गेलात तर तिथला प्रकार वेगळा, तिथे ओलं खोबरं आलं, बांगड्याच्या किंवा तारल्याच्या आमटीत तिरफळं आली. दोन्हीत श्रेष्ठ कुठलं ह्या वादात मी पडणार नाही, मला दोन्ही रोज चालतील.

ताजेपणा ओळखायचा तर कल्ले उघडून बघा, लालबुंद हवेत, डोळा स्वच्छ आणि फुगीर हवा, अंगावर बोट दाबलं तर खड्डा राहता कामा नये. चिंबोरी हातात घेतली की तिच्या आकाराच्या मानाने जड लागली पाहिजे.

प्रश्न (ठाणे): मुलाला शाळेत "आपला दर्यावर्दी वारसा" असा प्रोजेक्ट आहे. सगळी मुलं किल्ल्यांचे फोटो चिकटवणार आहेत. आम्हाला काहीतरी वेगळं सुचवा ना, प्लीज.

उत्तर: किल्ले जरूर असू देत, पण मुलाला भरतीचं गणित शिकवा, वर्गात कोणाकडे नसेल.

कॅलेंडर घ्या आणि आजची तिथी बघा. तिथीच्या आकड्याला ३ ने गुणा आणि ४ ने भागा, जे उत्तर येईल त्या वाजता आपल्या किनाऱ्यावर साधारण पूर्ण भरती असते. उदाहरणार्थ अष्टमी, ८ गुणिले ३ म्हणजे २४, भागिले ४ म्हणजे ६. सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, मग मधे बाराच्या आसपास ओहोटी. द्वादशीला उत्तर ९ येतं, म्हणजे सकाळी नऊला भरती आणि दुपारी तीनला ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. पाऊण-एक तास इकडेतिकडे होतो, पण ॲप नव्हते तेव्हा लोक ह्यावरच चालायचे आणि अजूनही चालतात. हे जमतं कसं? चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो आणि त्याच्यामागून भरतीही रोज तेवढीच उशिरा येते, म्हणजे दिवसाला जवळपास पाऊण तास. तिथी म्हणजे चंद्राचाच दिवस, म्हणून तिथीची पाऊणपट. मुलाला आठवडाभर रोज गणित मांडायला सांगा आणि शेजारी भरतीच्या सरकारी वेळापत्रकातली वेळ लिहायला सांगा, झाला प्रोजेक्ट.

ह्याचा मासेमारीशी संबंध सांगा, नाहीतर ते नुसतं गणित राहील. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, प्रवाहाला जोर असतो. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मंद. आपल्याकडे डोल नावाचं जाळं असतं, तोंडाला रुंद आणि मागे निमुळतं होत गेलेलं, ते समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधून ठेवतात आणि वाहतं पाणीच त्यात बोंबील, जवळा, करंदी आणून भरतं. जाळं ओढत फिरायचं नसतं. म्हणजे पाण्याला ओढ असेल तर डोल भरणार, भांगाला कमीच मिळणार. पाणी थांबून उलटं फिरायच्या आत डोल उचलायची असते, ती वेळ रात्री दोनची आली तर रात्री दोनला निघायचं.

आणखी एक गोष्ट, तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, समुद्रातली मासेमारीची जागा कशी लक्षात ठेवतो हे मुलाला कोणातरी जुन्या माणसाला भेटून विचारू द्या. किनाऱ्यावरच्या देवळाचा कळस आणि त्याच्या मागचं डोंगराचं टोक एका रेषेत आलं, आणि दुसऱ्या बाजूला अशीच आणखी एक जोडी जुळली, की दोन रेषा जिथे छेदतात ती आपली जागा. आता जीपीएस आलंय, सगळ्यांकडे आहे, पण ह्या खुणा माहीत असलेली माणसं अजून गावात आहेत तोवर त्यांच्याकडून लिहून घेतलं पाहिजे. एवढं जरी एखाद्या शाळकरी मुलाने केलं ना तरी मोठं काम होईल.

प्रश्न (अमरावती): आम्ही पूर्ण शाकाहारी. तरी अशा महोत्सवाला यावं का?

उत्तर: या की. नाच-गाणी, होड्यांची सजावट, जाळी विणताना बघणं ह्याला मासे खावे लागत नाहीत. फक्त वास येणार हे मनाशी धरून या आणि नाकाला रुमाल लावून फिरू नका, लोकांच्या घरात आहात. नारळी पौर्णिमा तुमच्यासाठी जास्त चांगली, नारळीभात पोटभर खा.

प्रश्न (रायगड जिल्हा): मी कोळी समाजातली आहे. आमच्या गावच्या बायकांचा बचत गट दोन दिवसांचा मच्छी महोत्सव भरवायचं म्हणतोय. पण शेजारच्या एका गावात असं झालं की पहिल्या वर्षी गावच्या बायका होत्या आणि नंतर बाहेरचे केटरर आले, स्टॉलचं भाडं वाढलं आणि आमच्यासारख्या मागे राहिल्या. आम्ही काय काळजी घेऊ?

उत्तर: ताई, तुमचा प्रश्न वाचून खूप बरं वाटलं, सगळ्यात जास्त जागा ह्यालाच देते.

पहिल्या बैठकीतच लिहून घ्या की स्टॉल फक्त गावातल्या मच्छीमार घरातल्या बाईच्या नावावर मिळेल, तो दुसऱ्याला चालवायला देता येणार नाही, आणि भाडं सगळ्यांना सारखं. तोंडी ठेवू नका. तोंडी ठरलेलं पहिल्या वर्षी सगळे पाळतात पण तिसऱ्या वर्षी कोणीतरी स्पॉन्सर येतो, बॅनर मोठे होतात आणि मग "एक-दोन बाहेरचे स्टॉल असू देत" असं सुरू होतं. मच्छीच्या धंद्यात बाई पहिल्यापासून पैशाचा व्यवहार बघते, पुरुष पकडून आणतो आणि टोपली तिच्या हातात येते, भाव ती करते, हिशोब तिचा. मग महोत्सवाचा गल्ला दुसऱ्याच्या हातात का द्यायचा?

तारीख ठरवताना नुसता वीकेंड बघू नका. डिसेंबर ते फेब्रुवारी बरं पण मार्गशीर्षातले गुरुवार टाळा, त्या दिवशी अर्धं गिऱ्हाईक नॉनव्हेज खात नाही. आणि तुमच्याकडे डोलीची मच्छी असेल तर उधाणाच्या आसपासचे दिवस धरा म्हणजे स्टॉलवर तुमच्याच गावची ताजी मच्छी राहील, शहरातल्या मार्केटमधून बर्फातली आणावी लागणार नाही. हे मी फार आग्रहाने सांगतेय. दारात मोठा फळा लावा आणि रोज सकाळी खडूने लिहा, आज काय आलं. छापील मेनू कार्ड करूच नका, त्यावर पापलेट लिहिलं की पापलेट आणावंच लागतं.

जागेचं बघा. पार्किंगसाठी जाळी सुकवायची जागा किंवा बोंबील वाळवायचे मांडव काढू नका, दोन दिवसांसाठीसुद्धा नको. एकदा मोकळी झालेली जागा परत मिळवताना काय होतं हे किनाऱ्यावरच्या गावांना सांगायला नको. उलट तो मांडवच लोकांना दाखवा. शहरातल्या माणसाने बोंबील दोरीवर कसे घालतात हे कधी पाहिलेलं नसतं, दोन बोंबील घेऊन एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची, ना गाठ ना काही, आणि बाईचा हात इतका चटचट चालतो की बघणाऱ्याला दोनदा बघावं लागतं. असं तिथल्या तिथे दाखवलंत की लोक सुकी मच्छीही घेऊन जातात, शिजवलेल्यापेक्षा त्यात कष्ट कमी. संध्याकाळच्या कार्यक्रमात ऑर्केस्ट्रा ठेवा हवा तर, पण अर्धा तास तरी गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या तांडेलाला माईक द्या आणि वादळातून परत कसे आलो ते सांगू द्या, तेव्हा मांडवात कोणी बोलणार नाही बघा.

परवानग्यांची कामं कंटाळवाणी पण आधी करा, खाण्याच्या स्टॉलचं फूड सेफ्टी रजिस्ट्रेशन, ग्रामपंचायत, पोलीस, आणि स्पीकर रात्री दहाला बंद. होडीची फेरी ठेवणार असाल तर बंदर खात्याच्या परवानगीशिवाय एकही माणूस बसवू नका, आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट, आपल्या नातेवाइकांनासुद्धा. आपल्याला पोहता येतं, पाहुण्यांना येत नाही, आणि फोटोसाठी सगळे एकाच बाजूला गोळा होतात. थर्माकोलच्या प्लेट नकोत, त्या वाऱ्याने थेट पाण्यात जातात आणि नंतर तुमच्याच जाळ्यात येतात. पत्रावळी वापरा.

शेवटी हिशोब. महोत्सव संपल्यावर आठवड्याभरात जमाखर्च लिहून चावडीवर लावा, अगदी मंडपाच्या बिलापासून. महोत्सव बंद पडतात ते बहुतेक वेळा गर्दी नसल्याने नाही, हिशोबावरून झालेल्या भांडणांमुळे.

प्रश्न (सोलापूर): सुकी मच्छी घ्यायची इच्छा आहे पण वास आणि स्वच्छतेची भीती वाटते. घरी टिकते का?

उत्तर: दोरीवर किंवा मांडवावर वाळवलेली घ्या, वाळूत पसरलेली नको. बोंबील हातात घेऊन वाकवा, कडक हवा, मऊ लागला तर आत ओल आहे आणि तो टिकणार नाही. जवळा गुलाबीसर आणि सुटा दिसला पाहिजे, गोळे झालेला नको. घरी आणल्यावर दोन ऊन द्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. कोकणात आणि कोळीवाड्यांत पावसाळ्याआधी आगोटीची खरेदी करतात त्यात ही सुकी मच्छी असतेच, ओली मिळत नाही ते दिवस त्यावर निघतात. जवळा आधी कोरडाच तव्यावर भाजा, मग धुवा आणि कांदा, लसूण, कोकमावर परता. बोंबील तुकडे करून गरम पाण्यात थोडा वेळ ठेवा आणि वांग्याबटाट्यात घाला. वास शिजवताना येतो हे खरंय, खिडकी उघडा, जेवताना विसरून जाल.

प्रश्न (मुंबई): कोळी बायकांचे पारंपरिक पोशाखातले फोटो काढायचे असतात. त्यांना वाईट वाटतं का?

उत्तर: विचारून काढलात तर बहुतेक जणी हौसेने उभ्या राहतील, दागिने सावरून. न विचारता, त्या मच्छी साफ करताना किंवा देवाला हात जोडताना तोंडासमोर कॅमेरा आणलात तर कोणालाही वाईट वाटेल. नारळ वाहताना मधे घुसू नका. आणि काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा त्यांना, सगळे "पाठवतो" म्हणतात आणि कोणी पाठवत नाही, ही तक्रार कोळीवाड्यात सतत ऐकू येते.

प्रश्न (कोल्हापूर): महोत्सवात आरमाराच्या चित्रांचं प्रदर्शन होतं, त्यात गुराब आणि गलबत असे शब्द होते. फरक काय? आणि त्या जहाजांवर होते कोण?

उत्तर: गुराब मोठी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, नाळ, म्हणजे जहाजाची पुढची बाजू, लांब पुढे आलेली आणि तिच्यावरून समोर मारा करता येईल अशा तोफा. गलबत त्याहून लहान आणि चपळ, शिडं होतीच पण वल्हीही चाळीस-पन्नास, त्यामुळे वारा पडला तरी ते अडत नसे, उलट वारा नसताना गलबतंच गुराबेला ओढून नेत. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात, खाडीच्या तोंडाशी ह्या जोडीपुढे मोठी परदेशी जहाजं अडचणीत येत, कारण ती वाऱ्यावर अवलंबून आणि त्यांचा तळ खोल.

जहाजांवर कोण होते हा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत, प्रदर्शनांत हेच राहून जातं. सिंधुदुर्गाचं बांधकाम १६६४ मध्ये सुरू झालं, कान्होजी आंग्र्यांनी अलिबागजवळच्या कुलाबा किल्ल्यातून किनारा राखला, ते १७२९ मध्ये गेले, हे सगळं आपण पाठ करतो. पण वल्ही मारणारे, शिडं चढवणारे, रात्रीच्या अंधारात खडक चुकवणारे हात कोळी, भंडारी, गाबित, खारवी, दालदी अशा किनाऱ्यावरच्या लोकांचे होते. शिवाजी महाराजांच्या आरमाराचे अधिकारी म्हणून मायनाक भंडारी आणि दौलतखान ही दोन नावं शेजारीशेजारी येतात. त्यामुळे प्रदर्शनात किल्ल्याच्या फोटोखाली त्या गावात आज होडी चालवणाऱ्यांचे फोटो लावायला हवेत असं मला अगदी मनापासून वाटतं. कोणी आयोजक वाचत असतील तर पुढच्या वेळी कराच.

कुलाबा किल्ला ओहोटीला अलिबागहून चालत जाऊन बघता येतो. वरचं तिथीचं गणित करून जा, पण पाण्यात उतरण्याआधी किनाऱ्यावरच्या माणसाला विचारा, आणि पाणी फिरायच्या आत परत या.

प्रश्न (नागपूर): फेस्टिवलमध्ये खाल्लेल्या बोंबील फ्रायसारखा घरी होत नाही, तव्यात मोडतो. का?

उत्तर: पाणी. ओल्या बोंबलाच्या अंगात पाणीच जास्त असतं आणि ते काढल्याशिवाय तो तव्यावर टिकणार नाही. डोकं, शेपटी, पर काढा, पोटाकडून चिरून पुस्तकासारखा उघडा, मधला काटा सावकाश सोडवा. उघडलेले बोंबील स्वच्छ कपड्यावर ओळीने ठेवा, वरून दुसरा कपडा, त्यावर पाट आणि पाटावर पाण्याने भरलेलं पातेलं. अर्धा तास तरी तसंच राहू द्या, खालचा कपडा चिंब होतो. मग मीठ, हळद, लिंबू आणि मसाला लावा, मसाला कोळी मिळाला तर उत्तम. मीठ आधी लावून ठेवू नका, परत पाणी सुटतं. तांदळाच्या पिठात थोडा रवा मिसळून दोन्ही बाजूंनी दाबून लावा, तेल चांगलं तापल्यावर तव्यात सोडा आणि खालची बाजू कडक होईपर्यंत हात लावू नका. उलटताना झारा रुंद घ्या, चिमटा नको. नागपूरला ओला बोंबील बर्फातून येणार, तो आधी पूर्ण वितळू द्या आणि पाटाखाली थोडा जास्त वेळ ठेवा.